तारे, याद्या आणि बिल

पुरस्कार मिळालेल्या रेस्टॉरंटांत जेवायला जाण्याविषयी वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: सहलीसाठी शहर ठरलं. तिथली रेस्टॉरंटं शोधली तर निम्मी ‘पुरस्कारप्राप्त’ निघाली. कोणता पुरस्कार ग्राह्य धरायचा?

पुरस्कार कोणी दिला, कशासाठी दिला आणि कोणत्या वर्षी दिला, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला किंमत नाही. सजावटीला पुरस्कार असतात, वाइनच्या यादीला असतात, ग्राहकांच्या मतदानावरचेही असतात. दारावरच्या पाटीवर सगळे सारखेच चमकतात.

जेवणापुरतं बोलायचं तर आधी मिशेलिन पाहावं. टायर बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने मोटारवाल्यांसाठी 1900 मध्ये मार्गदर्शिका काढली. त्यात उत्तम जेवणासाठी रेस्टॉरंटांना दिले जाणारे तारे 1926 मध्ये आले, दोन आणि तीन ताऱ्यांच्या पायऱ्या 1931 मध्ये. निरीक्षक ओळख न सांगता जातात आणि बिल स्वतः भरतात. जिन्नसांचा दर्जा, शिजवण्यातलं कौशल्य, चवींचा मेळ, पदार्थांत दिसणारी शेफची छाप आणि सातत्य, एवढंच ते जोखतात. झुंबरं, गालिचे आणि वेटरची अदब यांचा ताऱ्याशी संबंध नाही. टोकियोतल्या सुकियाबाशी जिरो या जेमतेम दहा खुर्च्यांच्या सुशी काउंटरकडे अनेक वर्षं तीन तारे होते. पुढे सर्वसामान्यांना तिथे बुकिंग मिळेनासं झालं, म्हणून 2020 च्या आवृत्तीतून त्याचं नाव गेलं. चव बिघडली म्हणून नव्हे.

‘वर्ल्ड्स 50 बेस्ट’ ही 2002 पासून निघणारी यादी वेगळ्या जातीची आहे. हजारावर शेफ, रेस्टॉरंटचालक, खाद्यपत्रकार आणि भरपूर फिरणारे खवय्ये मतं देतात. गुणांचा ठरलेला तक्ता नाही. प्रत्येक जण आपल्या पसंतीची नावं देतो. जिथे हे लोक गेलेच नाहीत, त्या रेस्टॉरंटला मत मिळायचा प्रश्नच येत नाही. म्हणून ही यादी सध्या कोणाची चर्चा आहे ते चांगलं सांगते आणि दर मंगळवारी तिथली भाजी कशी शिजते याबद्दल फारसं काही सांगत नाही. शिवाय 2019 पासून, एकदा पहिला क्रमांक मिळवलेलं रेस्टॉरंट पुढच्या मतदानातून बाहेर काढलं जातं. यादीत नाव नाही म्हणजे घसरण झाली, असं समजू नका.

आणखी एक गोष्ट: मिशेलिन सगळीकडे पोचलेलं नाही. थायलंड आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तर मार्गदर्शिका यावी म्हणून पर्यटन विभागांनी पैसे मोजले. एखाद्या शहरात एकही तारा नसला, तर तिथे कदाचित निरीक्षकच फिरकले नसतील.

प्रश्न: पहिल्यांदाच जाणार आहोत. थेट तीन ताऱ्यांकडे जावं का?

आमचं मत विचाराल तर नको. मिशेलिनच्याच व्याख्येप्रमाणे एक तारा म्हणजे वाटेत थांबावं असं, दोन म्हणजे वाट वाकडी करावी असं आणि तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करावा असं. एक ताऱ्याच्या ठिकाणी दुपारचं जेवण घ्या. दुपारचा मेन्यू, म्हणजे ठरलेल्या पदार्थांचा क्रम, बहुधा आखूड आणि बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर मात्र तेच. माफक दरातल्या उत्तम जेवणासाठी मिशेलिनकडूनच 1997 पासून ‘बिब गुर्मां’ ही वेगळी खूण दिली जाते. अनेक शहरांत पैशाच्या मानाने समाधान तिथेच जास्त मिळतं.

जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. पुरस्काराच्या वर्षी असलेला शेफ अजून तिथेच आहे का? तारा रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही. शेफ गेला तरी पुढची आवृत्ती निघेपर्यंत तारा पाटीवर राहतो. दुसरं, गेल्या दोन-तीन महिन्यांतला मेन्यू पाहा, पुरस्काराच्या बातमीतला नको.

प्रश्न: बुकिंग उघडलं की पाच मिनिटांत संपतं. काही उपाय?

मोठी रेस्टॉरंटं तारखा ठरावीक दिवस आधी, ठरावीक वेळेला खुल्या करतात; कुठे 30 दिवस, कुठे 60 किंवा 90, कुठे महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण महिना. ही वेळ त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. परदेशातून बुकिंग करणारे बरेच जण इथेच फसतात. खातं आधी उघडून कार्डाचा तपशील भरून ठेवा, कारण कार्ड शोधेपर्यंत टेबल जातं. दोघांचं टेबल सगळ्यात आधी मिळतं. सहा जणांचं जवळपास अशक्य. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारची दुपार किंवा रात्रीची शेवटची पाळी मागा.

जागा नसेल तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि जेवणाच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा पाहा. रद्द करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी 48 किंवा 72 तासांची असते. त्यानंतर दंड बसतो, म्हणून डळमळीत गिऱ्हाईकं त्या मुदतीच्या तोंडावर टेबलं सोडतात. काही ठिकाणी पूर्ण रक्कम आगाऊ घेतात. ते नाटकाच्या तिकिटासारखं समजा, पैसे परत नाहीत, फार तर तारीख बदलून मिळेल.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. ‘व्हेजिटेरियन मेन्यू आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

नाही. फसवाफसवी नसते, पण तुमच्या आणि स्वयंपाकघराच्या व्याख्या जुळतीलच असं नाही. काही ठिकाणी मासे शाकाहारात धरतात. जिथे धरत नाहीत तिथेही प्राण्यांचा अंश डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतो: भाज्यांच्या सॉसमध्ये हाडांचा स्टॉक (उकळून काढलेला अर्क), जपानी वळणाच्या पदार्थात सुकवलेल्या बोनिटो माशाचा दाशी (जपानी स्टॉक), वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे, गोड पदार्थात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन. पार्मिजानो रेज्जानो हे चीज तर नियमानुसार वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, वापरूनच बनतं.

म्हणून ‘शाकाहारी’ हा एकच शब्द लिहून थांबू नका. काय चालत नाही ते नावानिशी लिहा: मांस, मासे, कोळंबीवर्गीय, त्यांचे स्टॉक, चरबी, जिलेटिन, रेनेट. अंडं, दूध, मध यांच्याबद्दल चालतं की नाही ते वेगळं सांगा. तळणाचं तेल सामायिक असेल तर चालेल का, तेही. हे बुकिंग करतानाच कळवा आणि तीन दिवस आधी पुन्हा खात्री करून घ्या.

टेबलावर बसल्यावर सांगितलं तर का जमत नाही? स्टॉक आदल्या दिवशी उकळायला ठेवलेला असतो, सॉस त्यावर आटवलेले असतात. जिलेटिनच्या जागी ऐनवेळी अगार (समुद्री शेवाळापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ) घालता येत नाही. जिलेटिन तोंडातल्या उष्णतेने विरघळतं. अगार विरघळायला सुमारे 85 अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे ते तोंडात ठिसूळ तुकडे होऊन राहतं. प्रमाणच नव्याने बसवावं लागतं. अशा वेळी तुमच्यापुढे पदार्थातला मुख्य भाग वगळून उरलेली सजावट येते आणि पैसे पूर्ण जातात. चांगली स्वयंपाकघरं आधी कळवलं तर पूर्ण वेगळा क्रम रचतात, कोम्बू या समुद्री शेवाळाचा दाशी करतात, वनस्पतिजन्य रेनेटचं चीज मागवतात. आणि उत्तरात ‘जमणार नाही’ असं स्पष्ट आलं तर रागावू नका. ‘बघू’ म्हणणाऱ्यांपेक्षा ते बरे.

ॲलर्जी ही आवडीनिवडीपेक्षा वेगळी बाब. तो शब्द खऱ्या ॲलर्जीसाठीच वापरा, कारण त्यासाठी भांडी आणि ओटा वेगळा करावा लागतो.

प्रश्न: मेन्यूवरची किंमत आणि हातात पडलेलं बिल यांत एवढा फरक कसा?

मेन्यूची किंमत 100 धरा. वाइनची जोडी, म्हणजे पदार्थांना जुळणाऱ्या वाइनचे पेले, घेतली, समजा 60. पाणी आणि कॉफी मिळून 10. झाले 170. सेवाशुल्क 10 टक्के, म्हणजे 187. त्यावर कर 8 टक्के धरला तरी बेरीज 202 च्या घरात जाते. किमतीपुढे ‘++’ अशी खूण असेल तर सेवाशुल्क आणि कर वेगळे, हे समजून घ्या. सेवाशुल्क लावलेलं असेल तर वेगळी टीप देण्याची सक्ती नसते.

खर्च वाढतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. बसल्याबरोबर विचारलेलं ‘साधं पाणी की सोडा’. दोन्ही बाटलीतली, दोन्ही विकतची. नळाचं पाणी पिण्याजोगं असेल तर ते मागण्यात काहीही कमीपणा नाही. दुसरं, ट्रफल (महागडी भूछत्रं) किंवा कॅव्हिअर (माशांची अंडी) ‘घालू का?’ हा लाघवी प्रश्न. त्याची किंमत जागीच विचारा. तिसरं, वाइनची जोडी. एका पेल्यात 75 ते 100 मिली धरली तर सहा पेले मिळून 450 ते 600 मिली होतात, आणि बाटली असते 750 मिलीची. एवढी दारू झेपणार नसेल तर दोघांत एकच जोडी मागा किंवा बिनदारूची जोडी आहे का विचारा.

प्रश्न: अर्धा तास उशीर झाला तर? आणि पदार्थ आवडला नाही तर?

पंधरा मिनिटांपर्यंत सांभाळून घेतात, पण फोन करून कळवावं. टेबलं मुद्दाम दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बसवलेली असतात, म्हणजे सगळ्यांचा चौथा पदार्थ एकाच वेळी चुलीवर येत नाही. तुम्ही उशिरा आलात की हा क्रम कोलमडतो आणि तुमचे एक-दोन पदार्थ गाळले जाऊ शकतात. टेबलावरच्या सगळ्यांनी एकच मेन्यू घ्यावा, हा आग्रहही याच कारणासाठी असतो.

पदार्थ खारट किंवा कच्चा असेल तर दुसऱ्या घासालाच सांगा, बदलून मिळतो. ताट रिकामं करून बिलाच्या वेळी तक्रार केली तर त्यांच्यापाशी फक्त दिलगिरी उरते. चव निव्वळ रुचली नाही तर तसंही सांगावं, मात्र त्यासाठी पैसे कमी होण्याची अपेक्षा ठेवू नये. पुढचे पदार्थ त्याच अंगाने जाणार असतील, तर सांगितल्यामुळे त्यांना ते थोडे वळवता येतात.