पहिला कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी) घेताना एवढं बघच
आयरिश ट्यून्स वाजवायच्यात ना, मग सी/जी अँग्लोच घे (अँग्लो म्हणजे भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरा सूर देणारा प्रकार, सी/जी म्हणजे बटणांची एक ओळ सी मेजरची, एक जी मेजरची) आणि तोही 30 बटणांचा, 20 वाल्यात सी शार्प म्हणजे काळी एक नसते आणि बऱ्याचशा ट्यून्स डी मेजरमधे असतात, त्यात ती लागतेच. सेकंडहँड असेल तर एका बाजूने उचल, कुठलंच बटण न दाबता लटकव, भाता भसकन उघडला तर हवा गळतेय. माझ्या पहिल्याचा भाता कोपऱ्यात फाटलेला होता, मी बघितलंच नव्हतं, दुरुस्तीत बरेच पैसे गेले रे. प्रत्येक बटण धरून भाता दाबताना आणि ओढताना दोन्हीकडे ऐक, माउथऑर्गनसारखं सूर बदलतो, रीड (सूर देणारी धातूची पट्टी) वेगळी असते. आणि उजव्या अंगठ्याचं हवेचं बटण पहिल्या दिवसापासून वापर, नाहीतर ट्यूनच्या मधेच भाता संपतो.