मारुती 800 मध्ये कोणतं इंजिन? आधी कॉम्प्रेशन मोजा, मग ब्रेक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1997 ची कार्ब्युरेटरची, चार गिअरची मारुती 800, बॉडी बऱ्यापैकी, इंजिन धूर सोडतंय. हातात नव्वद हजार. गाडी साताऱ्यात असते आणि सुटीच्या दिवशी यवतेश्वर घाट चढून कासला न्यायची आहे. झेनचं, एस्टीमचं की अल्टो के10 चं इंजिन बसवू, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः एका 800 मध्ये झेनचं इंजिन बसवलं आहे आणि मित्रांच्या अशा दोन कामांत हात काळे केले आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इंजिन खरंच गेलंय का? नुसत्या धुरावरून ठरवू नका. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येऊन नंतर थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील सुकलेले असतात आणि ते काम फार खर्चाचं नाही. चढाला जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) असलेल्या फिटरकडे जा, इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आकडे घ्या. तिघांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग-पिस्टनचं काम, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या अर्ध्या तासाच्या कामाने तुमचा निम्मा प्रश्न सुटेल.

आता इंजिनांकडे येऊ. तुमच्या गाडीतलं एफ8बी म्हणजे 68.5 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 72 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), तीन सिलिंडर, 796 सीसी, ताकद साधारण 37 बीएचपी. या 796 ला तीनने भागून चारने गुणा, 1061 येतात. हेच अल्टो 1.1 आणि वॅगन आरमधलं एफ10डी: तोच बोअर, तोच स्ट्रोक, एक सिलिंडर जास्त, डोक्यावर सोळा व्हॉल्व्ह, ताकद साठच्या थोडी वर. झेनचं जी10बी वेगळ्या घराण्यातलं. 72 बाय 61, 993 सीसी, कार्ब्युरेटरवर 50 आणि एमपीएफआयवर (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन) 60 बीएचपी. स्ट्रोक आखूड असल्याने ते वरच्या आरपीएमला खुलतं. घाटात मात्र खालच्या आरपीएमला ओढ लागते, तिथे ते तुम्हाला गिअर बदलायला लावेल. अल्टो के10 चं के10बी याच्या उलट, 73 बाय 79.5, लांब स्ट्रोक, तीन सिलिंडर, टायमिंग चेन. एस्टीमचं इंजिन म्हणजे 1298 सीसी, एमपीएफआय असेल तर 85 बीएचपी. साडेसहाशे किलोच्या आसपासच्या गाडीत 85 बीएचपी म्हटल्यावर कुणाचंही मन तिकडे धावतं, माझंही धावलं होतं.

पण बीएचपी बघून इंजिन निवडणाऱ्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात. माझी गाडी दोन पावसाळे उभी होती, आणि त्याचं कारण इंजिन नव्हतं. मी झेनचं एमपीएफआय इंजिन गिअरबॉक्ससकट भंगारवाल्याकडून स्वस्तात उचललं. वायरिंग त्याने प्लगच्या जागी कापून दिलं होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, 'नंतर देतो' म्हणाला. तो ईसीयू कधी आलाच नाही. दुसरीकडून आणला तर त्याचा कनेक्टर जुळेना. शेवटी वायरिंगसाठी वेगळी पूर्ण गाडी शोधावी लागली. सगळा हिशेब मांडला तेव्हा इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरली. बाकीचा पैसा फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग), शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणारी दांडी), रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, पेट्रोल पंप आणि लेथवाल्याकडे गेला.

म्हणून सुटं इंजिन घेऊ नका, चालू अवस्थेतली अख्खी गाडी घ्या. अपघातात मागून ठोकलेली असेल तर उत्तमच. घेण्यापूर्वी ती चालवून बघता येते, गिअर कसे पडतात ते कळतं, आणि वायरिंग, ईसीयू, सेन्सर, टाकीतला पंप, क्लचची केबल, दोन्ही शाफ्ट एकाच ठिकाणाहून मिळतात. के10 घेणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. त्यात इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी चावी ओळखणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे चावी, त्याचं युनिट आणि ईसीयू एकाच गाडीतले हवेत, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही. विकणाऱ्याकडून पावती आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर ते तुमच्या नावावर चिकटेल.

शाफ्टबद्दल जरा जास्त सांगतो, कारण नवशिके इथेच अडकतात. शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्सचं असतं आणि बाहेरचं टोक चाकाच्या हबचं. झेनचा गिअरबॉक्स आणि 800 चं हब म्हणजे आतला जॉइंट एका गाडीचा आणि बाहेरचा दुसऱ्या गाडीचा. मधल्या दांडीची लांबी आणि दाते जुळले नाहीत की लोक दांडी कापून वेल्ड करतात. कृपा करून हे करू नका. घाटाच्या वळणावर वेल्ड सुटलं तर चाकाला ओढ राहत नाही, आणि तुटकी दांडी गरगरत ब्रेकच्या पाइपवर आदळते. आणखी एक, झेनला 145/70 आर13 टायर होते, तुमच्याकडे 12 इंची चाकं. व्यास 533 मिमीवरून 508 वर येतो, म्हणजे प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी आखूड होतो. घाटात याचा फायदाच, हायवेला इंजिन जास्त ओरडेल.

कार्ब्युरेटरच्या 800 मध्ये एमपीएफआय आणताना पेट्रोलची लाइनही बदलावी लागते. तुमचा जुना पंप इंजिनावर बसलेला, अगदी कमी दाबाचा. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास दाब लागतो. जुन्या रबरी नळीवर तो दाब दिलात तर गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल गळेल. नळी आणि क्लिपा इंजेक्शनच्याच घ्या, इथे शंभर-दोनशे वाचवू नका.

ब्रेक. उतारावर गाडी इंजिन नाही, ब्रेक थांबवतात. तुमच्या गाडीला बूस्टर (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग) नसेल तर इंजिनाला हात लावण्याआधी तो बसवण्याचा विचार करा. पुढच्या डिस्क, पॅड, मागचे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल नवीन. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर तेही. यासाठी आणि तळाचा गंज काढण्यासाठी मी तुमच्या नव्वदमधले तीस ते पस्तीस हजार आधीच बाजूला ठेवले असते.

कायद्याचंही लिहायलाच हवं, कारण पुढची अडचण तिथे येते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182ए मध्ये मालकाने असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागणार. तिथे चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. 796 च्या आरसीवर 1298 चं इंजिन चालवताना अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते. तेव्हा त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असलं तरी आधी आरटीओत जाऊन लेखी परवानगी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या.

हे सगळं धरून माझं मत स्पष्ट आहे. गाडी रस्त्यावर चालवायची आहे, तर तुमचंच एफ8बी उघडा. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सील, नवा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि कार्ब्युरेटरची नीट सफाई. सुटे भाग गावोगावी मिळतात आणि नव्वदमध्ये ब्रेकसकट काम बसतं. इंजिन मन लावून नीट बांधलं तर 800 यवतेश्वर घाट आनंदाने चढते. पाच गिअर हवेतच असतील तर एफ8डी शोधा. तेही 796 सीसीचंच, पण बारा व्हॉल्व्ह, एमपीएफआय आणि 45 च्या आसपास बीएचपी. कंपनीने काही काळ 800 मध्येच हे इंजिन पाच गिअरसह दिलं होतं, त्यामुळे तशी अख्खी 800 घेतली तर फाउंडेशन, शाफ्ट, वायरिंग सगळं त्याच सांगाड्यासाठी बनलेलं मिळतं. अर्थात आरटीओची परवानगी यालाही लागेल.

एफ10डी मला मनापासून आवडतं. कंपनीने एकाच अल्टोच्या बॉनेटखाली 796 आणि 1061 दोन्ही दिले होते, त्यामुळे डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती गाडी, म्हणून अल्टो 1.1 समजायला सोपी जाते. पण 800 चं बॉनेट त्याहून अरुंद. चौथ्या सिलिंडरमुळे वाढलेली लांबी दोन्ही बाजूंच्या रेलमध्ये मावते का, हे टेपने मोजल्याशिवाय गाडी घेऊ नका. आणि हे इंजिन, तसंच झेन-एस्टीमची इंजिनं, मी फक्त बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी सुचवेन. ऑटोक्रॉसला (आखलेल्या छोट्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीला) जायचं असेल तर आधी त्या स्पर्धेच्या वर्गाचे नियम वाचा. एस्टीम तर या बजेटमध्ये नकोच. इंजिन मिळेल, पण त्याला पुरेल असा रेडिएटर 800 च्या नाकात बसवताना आणि ब्रेक त्या ताकदीला आणताना नव्वद हजार कधी संपले ते कळणार नाही.

येत्या रविवारी तिन्ही सिलिंडरचे आकडे घ्या, कोरडे आणि ऑइल घालून दोन्ही, आणि इथे लिहा. बूस्टर आहे का तेही बघा. आकडे आले की बोअरिंग करायचं की नुसत्या रिंगांवर भागेल, ते मी सांगतो.