पगार वाढला की नोकरी जाते का?

मागच्या वेळी किमान वेतनावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं, मेल, व्हॉट्सॲप धरून इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. नावं छापत नाही, कारण निम्म्या लोकांनी स्वतःच्या मालकाबद्दल लिहिलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी स्वतःच्या कामगारांबद्दल.

प्रश्न (नाशिक): मॅडम नमस्कार, माझी छोटी खानावळ आहे, चार पोरं कामाला. किमान वेतन वाढलं की पेपरात मोठी बातमी येते, पण आमच्यासारख्यांनी पैसे आणायचे कुठून? एका पोराला काढावं लागलं तर त्याचं भलं झालं का वाईट?

उत्तर: काढायच्या आधी हिशोब मांडू. थाळीचा रेट तुम्ही लिहिला नाहीत म्हणून मीच धरते, थाळी १२० ची आणि त्यातले ३० पगारात जातात. उद्या पगार २० टक्क्यांनी वाढले तर ३० चे ३६ होतील, म्हणजे थाळीमागे सहा रुपये. आता हे सहा रुपये चौघांपैकी कुणाकडून तरी येणार, गिऱ्हाईक, तुमचा गल्ला, तुमचा जागामालक (तो देणार नाही, आपल्याला माहितीये) किंवा तो काढलेला पोरगा. तुम्ही थेट चौथ्यावर पोचलात. थाळी १२५ केली आणि एक रुपया स्वतः सोसला तर भागतंय का ते आधी बघा ना, कारण समोरच्या खानावळीलाही तेच वेतन लागू आहे, तिचाही रेट वाढणार, त्यामुळे सगळं गिऱ्हाईक तिकडे पळेल ही भीती वाटते तेवढी खरी नाही.

खरी भीती कुठली ते सांगू का, समोरचा पोरांना रोख हातावर टेकवतो, मस्टर नाही काही नाही, त्याची थाळी १२० वरच राहते. तुमचं दुखणं ते आहे. कायदा तुमच्या दारात येतो आणि त्याच्या दारात जात नाही.

आता नोकऱ्या जातात का. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं की वस्तू महाग झाली की माणूस कमी घेतो, मजुरी महाग झाली की मालक कमी माणसं ठेवतो, आणि मी स्वतः वर्गात कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. मग १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ४.२५ च राहिलं, आणि डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या अलीकडची पलीकडची ४१० फास्ट फूडची दुकानं धरून वाढीच्या आधी आणि नंतर किती माणसं कामावर आहेत ते विचारलं. नोकऱ्या कमी झालेल्या सापडल्याच नाहीत. अर्थात गदारोळ झाला, डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगाराच्या नोंदी तपासून उलटं सांगितलं, तो वाद अजून मिटलेला नाही, पण अशा कामांसाठी कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं (क्रूगर तोवर गेले होते).

पगार वाढूनही नोकऱ्या जात नाहीत, असं होतं कसं? समजा एखाद्या गावात एकच मोठा कारखाना आहे आणि गावातल्या बायकांना घरदार सोडून लांब जाता येत नाही. मालकाला अजून दोन जणी हव्यात पण त्या जास्त पगाराशिवाय येणार नाहीत, आणि त्यांना जास्त दिला तर आधीच्या पन्नास जणींनाही द्यावा लागेल, मग तो काय करतो, दोन जागा रिकाम्या ठेवतो आणि सगळ्यांना कमीच देतो. इथे सरकारने पगार वर उचलला तर पन्नासांचा पगार नाहीतरी वाढलाच, मग त्या दोघींना न घ्यायला त्याला कारणच उरत नाही. पण किती वर उचलला त्यावर सगळं. सिएटल शहरात ११ डॉलरवरून १३ कडे जाताना तिथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली सांगितलं की कमी पगारवाल्यांचे तास कापले गेले. म्हणजे तुमचा पोरगा नोकरीवर राहील पण दुपारच्या गर्दीपुरताच बोलावला जाईल, असंही होतं.

आणि एक, पगार कमी म्हणून दिवाळीला गावी गेलेला वाढपी परत येत नाही तेव्हा नवा पोरगा शिकवेपर्यंत किती ताटं परत येतात तेही हिशोबात धरा.

प्रश्न (बीड): माझी आजी दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. ती म्हणते मजुरी दुप्पट झाली त्या साली कामच मिळेना झालं. हे खरं आहे की म्हातारीच्या आठवणीत काही गडबड?

उत्तर: आजींना माझा नमस्कार सांगा. गडबड काही नाही, जागतिक बँकेतल्या लोकांना जे आकड्यातून काढायला लागलं ते त्यांना हजेरीवरून कळलेलं आहे.

मूळ गोष्ट अशी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी प्रयोग झाला, मग १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर आली, कायदा १९७७ चा आणि अंमल १९७९ पासून. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पैसा कुठून, तर शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आणि त्यात सरकारची भर. आजही तुमच्या स्लिपमधून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच हा कर, बहुतेकांना वाटतं हे पैसे नगरपालिकेला जातात.

तर या योजनेत मजुरी मुद्दामच कमी असायची. त्यामागचं डोकं असं की मजुरी कमी ठेवली तर ज्याच्या घरी खरंच चूल पेटायची पंचाईत आहे तोच उन्हात खडी फोडायला येईल, तपासणी वगैरे करावीच लागत नाही, ऊनच तपासणी करतं. आणि मजुरी कमी म्हणून तेवढ्याच पैशात जास्त लोकांना काम देता येत होतं. मग १९८८ साली शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याबरोबर हमीची मजुरीही दुप्पट झाली. आता डोकं लावा, मजुरी दुप्पट म्हणजे येणारे वाढणार, पैसा तर दुप्पट झालेला नाही, आणि कायदा म्हणतो कुणालाही परत पाठवायचं नाही. मग हे जमवायचं कसं?

कुणीही हमी रद्द केली नाही. फक्त कामं निघेनाशी झाली. अर्ज दिला तर साहेब दौऱ्यावर, काम निघालं तर ते लांब कुठेतरी, पाझर तलावाचा प्रस्ताव तालुक्यातच पडून. जागतिक बँकेतले मार्टिन रॅव्हेलियन आणि त्यांचे सहकारी गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ साली याचाच अभ्यास छापला आणि त्यात दिसलं की १९८८ नंतर कामाचे दिवस घटले, आणि ते लोकांना काम नको होतं म्हणून नाही, काम मागून मिळत नव्हतं म्हणून. हमी कागदावर शाबूत, प्रत्यक्षात रांग.

मला हे उदाहरण न्यू जर्सीपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं, आणि आपल्या घरचं असून आपण ते सांगत नाही. कारण इथे कामावर ठेवणारा कुणी नफेखोर शेठ नव्हता, सरकारच होतं, आणि त्यानेही तेच केलं जे शेठ करतो. काढून कुणाला टाकलं नाही, नवीन घेणं बंद केलं. काढलेला माणूस मोर्चा काढतो, न घेतलेला माणूस कुणाला दिसतच नाही, तो गपचूप उसाच्या टोळीत जातो नाहीतर मुंबईची गाडी धरतो.

मग मजुरी वाढवायला नको होती का? हवीच होती. सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच, राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात, सांगून टाकलं होतं की दुष्काळी काम असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. चूक झाली ती दुसरी, रेट वाढवला त्या दिवशी तिजोरीतली तरतूद वाढवली नाही. आजी काम मिळण्याच्या आणि न मिळण्याच्या मधल्या त्या फटीत सापडल्या. ज्यांना काम मिळालं त्यांच्या घरी मात्र दुप्पट पैसे आले, हेही खरं, त्यामुळे शेजारणीला विचारलंत तर ती १९८८ चं साल चांगलं होतं म्हणेल.

प्रश्न (ठाणे): पगार वाढले की महागाई वाढणार, मग हाती काय राहिलं?

उत्तर: वरची थाळी बघा. पगार २० टक्के वाढला आणि थाळी सगळेच्या सगळे सहा रुपये धरले तरी ५ टक्के वाढली. महागाई थोडी वाढते, तुमच्याआमच्याकडून वाढपी पोराकडे थोडे पैसे सरकतात, एवढंच. आणि महाराष्ट्रात क्रम उलटा असतो, आधी बाजारभाव वाढतात, मग महागाईचा निर्देशांक मोजतात, मग जानेवारीत आणि जुलैत किमान वेतनातला विशेष भत्ता बदलतो. मूळ दर तर पाच वर्षांच्या आत बदलायचा असं असूनही वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. महागाई पुढे पळतेय आणि कामगार चप्पल हातात घेऊन मागे.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही शेतकरी. मजूर आधीच मिळत नाही, त्यात रेट वाढवत बसलं तर आम्ही मशीनच आणणार. मग मजूर काय करणार?

उत्तर: आणणार नाही, आणलीच आहे तुम्ही. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो किमान वेतनाने नाही, ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर कारखान्यांचा संघ यांच्या वाटाघाटीतून. पण हार्वेस्टर त्याच्या आधीपासून फिरतंय आणि त्याला सरकारी अनुदानही आहे. मुकादम उचल घेऊन गायब होतो, टोळी वेळेवर येत नाही, ऊस वाळतो, या त्रासाला कंटाळून मशीन येते, फक्त दराने येत नाही. दर जास्त असता तर टोळीतली पोरं ऊस सोडून गेली असती का, हाही प्रश्न विचारा.

तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही. क्लेमाँ अँबेर आणि जॉन पॅप या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं की केंद्राची रोजगार हमी जिथे नीट चालली तिथे कोरड्या हंगामात खासगी मजुरीही वाढली. म्हणजे तुमच्या खिशाला झळ लागली हे खरंय. पण कुणाचा तरी खिसा भरला म्हणून लागली. आता ज्या शेतकऱ्याला स्वतःच्याच मालाला भाव मिळत नाही त्याला हे ऐकवणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. कांद्याचा भाव कोसळतो त्या आठवड्यात मजुरीवर भांडण होतं, आणि दोन्ही बाजूला गरीबच उभे असतात.

प्रश्न (पुणे): माझे वडील एका सोसायटीत वॉचमन आहेत, कंत्राटदाराकडून. बारा तास ड्युटी, सुट्टी नाही. बँकेत पूर्ण पगार येतो पण त्यातले काही पैसे सुपरवायझर रोख परत घेतो. वेतन वाढून आम्हाला काय फरक पडणार?

उत्तर: तुझं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलं.

रेट वाढला की परत घ्यायची रक्कमही वाढते, हे तुझ्या वडिलांना माहीतच असेल. आमच्या सोसायटीतही काही वर्षांपूर्वी हेच निघालं आणि कमिटीत मीच होते, लाज वाटते सांगायला, आम्ही सगळ्यात कमी कोटेशन पास केलं आणि ते इतकं कमी कसं हे कुणी विचारलं नाही. तीन जणांच्या आठ तासांच्या तीन पाळ्यांपेक्षा दोघांच्या बारा तासांच्या दोन पाळ्या स्वस्त पडतात, आणि स्वस्त कशामुळे, तर जादा तासांचे दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात ते कुणीच देत नाही म्हणून. पुढे रेट वाढला तेव्हा कमिटीने एक माणूस कमी करून कॅमेरे बसवले. म्हणजे नोकरी जातच नाही असं मी नाशिकच्या वाचकाला सांगितलेलं नाही, आमच्या गेटवर एक गेली.

किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलंय. वेतन संहिता, म्हणजे पगाराबद्दलचा केंद्राचा नवा कायदा, २०१९ ची, पण लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून, आणि आता ठरावीक धंद्यांपुरतं न राहता किमान वेतन सगळ्याच नोकरदारांना लागू आहे. तरी नुसत्या कायद्याने सुपरवायझरचा हात मागे जात नाही.

वडिलांना सांग, पासबुक दर महिन्याला भरून घ्यायचं, आणि पैसे परत दिले त्या दिवशी तारीख आणि रक्कम घरच्या वहीत लिहायची, फोनवर मागितले असतील तर मेसेज डिलीट करायचा नाही. हजेरीच्या वहीचा फोटो जमला तर काढायचा, बारा तास तिथेच दिसतात. कामगार आयुक्तालयाच्या वेबसाईटवर आपलं परिमंडळ (झोन) आणि कुशल की अकुशल ते बघून चालू दर उतरवून घे. आणि एकटे जाऊ नका, शेजारच्या दोन सोसायट्यांत त्याच कंत्राटदाराचे लोक असतील, त्यांच्याही वह्या असू देत. कमिटीच्या सेक्रेटरीला आधी भेट, ते हात झटकतील, तेव्हा सांग की कंत्राटदाराने पैसे बुडवले तर मूळ काम देणाऱ्यावर, म्हणजे सोसायटीवर, येऊ शकतं. आमच्याकडे हे वाक्य कानावर पडल्यावर तीन दिवसांत मीटिंग लागली होती.