घरातल्या काचेच्या वाइन सेलरसाठी 12 मिमी काच पुरेल की 19 मिमी लागेल?

आपण विचारले आहे की पुण्यातील आपल्या डुप्लेक्समध्ये जिन्याशेजारी सुमारे अडीच मीटर रुंदीचा, समोरून पूर्ण काचेचा, 300 बाटल्यांचा सेलर, म्हणजे वाइन साठवायची गार खोली, करायची असेल तर काच 12 मिमीची घ्यावी की 19 मिमीची, थंडाव्यासाठी साधा स्प्लिट एसी चालेल का आणि एकूण खर्च किती येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. गारवा राखण्याच्या दृष्टीने 12 आणि 19 मिमीच्या काचेत काहीही फरक नाही, आणि जो कोणी आपल्याला जाड काचेने काम भागेल असे सांगत असेल, त्याच्या हाती हे काम देऊ नका.

हे इतके ठाम लिहिण्याला कारण आहे. मी नाशिकचा असून गेली 22 वर्षे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या भागांतील द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी प्रीकूलिंगच्या, म्हणजे तोडलेला माल लगेच गार करण्याच्या, खोल्या आणि शीतगृहे उभारतो. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रतेत ठेवावे लागते. हवा जरा कोरडी झाली की आधी देठ सुकतो आणि मग मालाचा भाव पडतो. त्यामुळे गारवा आणि ओलावा या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. 2017 मध्ये गंगापूर रोडवरील एका डॉक्टरांनी त्यांच्या बंगल्यातील सेलरच्या थंडाव्याचे काम मला दिले. यंत्र माझे, बाकी सर्व काम त्यांच्या इंटिरियर डिझायनरचे, अशी वाटणी होती.

नकाशा पाहिला त्याच दिवशी मी तीन हरकती घेतल्या आणि त्या लिहूनही दिल्या. दर्शनी भागाला 12 मिमीची एकेरी टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, काच होती. दरवाजा चौकटीशिवाय, पॅच फिटिंग (काचेच्या कोपऱ्यांना धरणारे धातूचे तुकडे) आणि फ्लोअर स्प्रिंग (दरवाजा फिरवणारी, जमिनीत पुरलेली स्प्रिंगची पेटी) यांवर उभा राहणारा होता, म्हणजे त्याच्या चारही कडांना तीन-चार मिलिमीटरची उघडी फट राहणार होती. आणि बाजूच्या दोन भिंतींत रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, भरून त्यावरचा बाष्परोधक प्लास्टिकचा थर सेलरच्या आतल्या अंगाला दाखवला होता. डिझायनरांनी डॉक्टरांसमोर मला उत्तर दिले ते आजही जसेच्या तसे आठवते: "द्राक्षाच्या गोदामाचे नियम दिवाणखान्याला लावू नका. इथे माणसे बसणार आहेत." डॉक्टर काही बोलले नाहीत आणि मीही विषय तिथेच सोडला, ही माझी चूक होती. त्या दिवशी काम नाकारायला हवे होते.

फेब्रुवारीत सेलर सुरू झाला. नाशिकची त्या दिवसांतील हवा कोरडी असते; आत 13 अंश, बाहेर काच स्वच्छ, आणि आलेला प्रत्येक पाहुणा काचेपुढे उभा राहून फोटो काढत होता. उन्हाळ्यात विजेचे बिल वाढले, पण तक्रार आली नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसात वाजता डॉक्टरांचा फोन आला की सेलर गळतो आहे.

मी गेलो तेव्हा बाहेर रात्रीपासून पाऊस होता आणि दिवाणखान्याच्या तिन्ही खिडक्या उघड्या होत्या. काचेतून आतले काहीच दिसत नव्हते. वरच्या अर्ध्या भागात बारीक दव होते, खालच्या अर्ध्या भागात थेंब एकमेकांत मिसळून ओघळत होते, आणि ते पाणी खाली फ्लोअर स्प्रिंगच्या झाकणाच्या फटीतून आत जात होते. झाकण काढले तर पेटी पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि त्यात गंजाचा तांबूस थर तरंगत होता. लाकडी फ्लोअरिंगच्या पहिल्या दोन पट्ट्या सांध्यावर फुगून वर आल्या होत्या. मी वहीत त्याच वेळी टिपून ठेवले: खोलीची हवा 25 अंश, आर्द्रता 88 टक्के, काचेचा बाहेरचा पृष्ठभाग 19 अंश. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा, 23 अंशांच्या जवळ येतो. काच दवबिंदूपेक्षा चार अंशांनी गार आहे, म्हणजे तिच्यावर पाणी धरणारच; त्यात यंत्राचा दोष नाही आणि काचेच्या दर्जाचाही नाही.

डिझायनरांनी यावर सुचवलेला उपाय म्हणजे 19 मिमीची काच. आपला प्रश्न वाचून मला हा लेखनप्रपंच करावासा वाटला तो याच आकड्यामुळे. काच ही उष्णता अडवणारी वस्तूच नाही. एकेरी काचेत जो काही अडथळा मिळतो तो तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेल्या स्थिर हवेच्या पातळ थरांचा असतो; काच सात मिलिमीटरने वाढवली तर बाहेरचा पृष्ठभाग वर सांगितलेल्या परिस्थितीत अर्धा अंशही गरम होत नाही. मी हा हिशेब कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवला. जाडी ही मजबुतीसाठी, म्हणजे उंची, रुंदी आणि धक्का सोसण्याची ताकद पाहून ठरवायची असते. गारवा अडवण्याचे काम दोन काचांमध्ये कोंडलेली हवा करते, आणि त्या पोकळीत आर्गॉन वायू भरून आतल्या एका पृष्ठभागावर लो-ई, म्हणजे उष्णतेचे किरण परतवणारा अतिपातळ, लेप दिला तर ते काम पुष्कळच चांगले होते. त्याच सकाळच्या हवेत साधी दुहेरी काच बाहेरून साडेएकवीस अंशांपर्यंत येते आणि लो-ई, आर्गॉनची काच तेविसाच्या अगदी जवळ पोहोचते. हे तीन आकडे शेजारी ठेवले की निर्णय आपोआप होतो.

भिंत उघडली तेव्हा तिसरी हरकतही खरी ठरली. प्लायवूड काढून रॉकवूलचा तुकडा मी डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत दाबला आणि मनगटावरून पाणी खाली आले. थंड देशांतील घरांच्या नकाशांत बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या अंगाला असतो, कारण तिथे घर उबदार आणि बाहेर बर्फ असते. बाष्प नेहमी उबेकडून गारव्याकडे जाते. आपल्या सेलरच्या बाबतीत उबदार बाजू म्हणजे दिवाणखाना, म्हणून तो थर सेलरच्या बाहेरच्या अंगाला, भिंती, छत आणि जमीन यांना अखंड गुंडाळणारा हवा. तो आत लावल्याने बाहेरचे बाष्प भिंतीत शिरले, गार प्लास्टिकवर आपटले आणि तिथेच मुरले. छताच्या पीओपीवर पिवळे डाग पडले होते ते याच पाण्याचे. पफ पॅनेल म्हणजे मधे पॉलियुरेथेनचा फोम भरलेली तयार फळी; तिच्या दोन्ही बाजूंना पत्रा असतो आणि सांधे सिलिकॉनने बंद केले की हा प्रश्नच उरत नाही. म्हणून दिसायला साधे वाटले तरी मी तीन भिंती आणि छत पफ पॅनेलचेच करावे आणि सजावटीचे लाकूड त्यावर आतून लावावे, या मताचा आहे.

पुढे काम दुसऱ्यांदा झाले. दर्शनी भागाला लो-ई लेपाची दुहेरी काच, तिच्यातील आतली काच लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेली), थर्मल ब्रेक (धातूतून उष्णता जाऊ नये म्हणून मधे घातलेला प्लास्टिकचा तुकडा) असलेली सडपातळ अॅल्युमिनियमची चौकट आणि चारही बाजूंना गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी, असलेला दरवाजा बसवला. चौकट दिसते म्हणून डिझायनर नाराज होते आणि नंतर कित्येकांना त्यांनी असे सांगितले की यंत्रच सदोष होते. त्या बोलण्यामुळे माझी तीन कामे गेली. यंत्र तेच आहे, आजही तेच चालते आहे, आणि दुरुस्तीनंतर ते पूर्वीपेक्षा कमी वेळ चालते, कारण गारवा जिथून निसटत होता ती जागा बंद झाली. एकेरी काच 100 मिमीच्या पफ पॅनेलच्या पंधरा पटींहून अधिक उष्णता आत सोडते आणि साधी दुहेरी काचही सुमारे दहा पट सोडते. म्हणून काच एकाच बाजूला ठेवा. तिन्ही बाजूंनी काचेचा पेटारा करण्याची टूम फार सुंदर दिसते, पण तो खर्च यंत्र आणि वीज यांच्या रूपाने दर महिन्याला भरावा लागतो.

स्प्लिट एसीबद्दल माझे उत्तर नाही असेच आहे. साध्या एसीचे तापमान सहसा 16 अंशांच्या खाली लावता येत नाही. काही लोक सेन्सरला फसवून तो खाली ओढतात, तेव्हा आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरते आणि कॉम्प्रेसर लवकर जातो. शिवाय त्याची कॉइल खोलीच्या मानाने फार गार असते, ती हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोरड्या हवेत बुचे आकसतात. सेलरला 12 ते 14 अंश आणि साधारण 60 ते 70 टक्के आर्द्रता हवी. त्यासाठी कॉइल मोठी आणि खोलीपेक्षा पाच-सहा अंशच गार ठेवावी लागते. द्राक्षाचा देठ हिरवा ठेवण्याची युक्तीही हीच आहे. सेलरसाठीचे स्प्लिट युनिट घ्या, आउटडोअर युनिट उघड्या हवेत ठेवा, ड्रेनच्या पाइपला पुरेसा उतार द्या. जिन्याखालच्या कोनाड्यात गरम हवा सोडणारे युनिट बसवू नका, कारण ती हवा फिरून काचेपाशीच येते.

आपण मापे ठरवताना एक लक्षात ठेवा की टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. चौकट प्रत्यक्ष बसल्यावरच काचेचे माप घ्यावे. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते, त्यामुळे 300 बाटल्यांचे ओझे चारशे किलोच्या आसपास जाते. ते पार्टिशनच्या भिंतीवर न टांगता जमिनीवर उतरवा. स्पार्कलिंगच्या बाटल्या जाड असतात, त्यांच्यासाठी वेगळा खण ठेवा. दिवे एलईडीचेच असावेत आणि त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर सेलरच्या बाहेर असावेत. पश्चिमेचे ऊन काचेवर येत असेल तर जागा बदला. लॅमिनेटेड काचेतील थर जवळजवळ सगळी अतिनील किरणे अडवतो, ऊब मात्र अडवत नाही.

खर्चाचा आकडा जागा न पाहता सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्रम मात्र सांगतो: आधी थंडाव्याचे काम करणारा माणूस, मग काचवाला, मग सुतार आणि शेवटी सजावट. डॉक्टरांनी हाच क्रम उलटा धरला आणि काच, भिंती, फ्लोअरिंग यांचे पैसे दोनदा मोजले. आपल्या डिझायनरना आजच एक प्रश्न विचारा की पावसाळ्यात, खिडक्या उघड्या असताना, काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान किती असेल. त्यांच्याकडे आकडा नसेल तर काचेची ऑर्डर थांबवा.

आणखी एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती. आपल्या 300 बाटल्या कोणत्या असणार आहेत? आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत पिऊन संपवायच्या असतात आणि फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला बूच ओले ठेवण्यासाठी आडवे ठेवण्याचीही गरज नसते. संग्रह तसा असेल तर पन्नास बाटल्यांचा तयार वाइन फ्रिज आपल्याला पुरेल. शिवाय महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली घरात मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि त्याला प्रमाणाची मर्यादा असते. बाटल्यांची संख्या ठरवण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे ती तपासून घ्या.

शेवटी, माझ्या बाजूचीही एक गोष्ट लपवत नाही. लो-ई, आर्गॉनची काचही प्रत्येक हवेत कोरडी राहत नाही. गेल्या जुलैत डॉक्टरांकडे गेलो होतो, तेव्हा काच वरपासून स्वच्छ होती, पण खालच्या कडेला, जिथे दोन काचांमधली पट्टी असते आणि आतली गार हवा साचते, तिथे बोटभर रुंदीची धुक्याची रेघ होती. सकाळपासून खिडक्या उघड्या राहिल्या होत्या. वहिनींनी खिडक्या लावल्या, दिवाणखान्यातला एसी ड्राय मोडवर टाकला आणि आम्ही चहा घेईपर्यंत ती रेघ निघून गेली. पुण्याच्या पावसाळ्यातही आपल्याला हे करावे लागेल, तेव्हा दिवाणखान्याच्या एसीची सोय सेलरच्याच नकाशात दाखवून घ्या.