मामा तलावावरचा न चावणारा ‘डास’

प्रश्न : सर, आमचं घर मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) पाळीला लागून आहे. दिवेलागणीला अंगणातल्या बोरीवर डासांसारख्या किड्यांचा खांबच उभा राहतो, पण चावत एकही नाही. पोरीनं मोबाइलवर फोटो काढला. इंटरनेटवर जुळता किडा काही सापडला नाही. ती म्हणते, नवी जात आहे, आपल्या गावाचं नाव देऊ. देता येईल का?
— एक अंगणवाडी सेविका, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : ताई, गावाचं नाव देता येतं. फोटोवर मात्र नाही.

आधी तो डास नाही ना, ते पाहून घ्या. भिंतीवर टेकला की डास बहुधा मागचे पाय वर धरतो, हा पुढचे. याला रक्त पिणारी सोंड नाही, आणि नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार. कुळाचं नाव कायरोनोमिडी. तलावाचा गाळ उपसताना वळवळणारी लालभडक अळी दिसते ना, ती याच कुळातली. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही ती तग धरते. संध्याकाळचा तो खांब म्हणजे माद्यांची वाट पाहणारे नर.

आता नव्या जातीचं. या कुळात ६,०००हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि वरून बऱ्याच सारख्याच दिसतात. फरक असतो नराच्या शेपटीच्या टोकाला, चिमट्यासारख्या अवयवात. तो पाहायला किडा दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून आतलं मांस विरघळवायचं, मग पंख, डोकं, पाय, शेपूट वेगवेगळे करून काचपट्टीवर बसवायचे. माझ्याकडे एकदा एका बोडीवरचा, म्हणजे लहान तळ्यावरचा, एकच नर होता. झाकणाची काच ठेवताना बोट जरा जड पडलं आणि चिमट्याचा चुरा. वर्षभर त्या बोडीवर खेटे घातले, तसला दुसरा मिळाला नाही. तेव्हापासून एकट्या नराला मी हात लावत नाही. खरं तर अळीच घरी गाळासकट वाढवावी. कोषाची पाण्यावर तरंगणारी कात आणि निघालेला नर, दोन्ही एकाच किड्याचे म्हणून हाती लागतात.

मग १७५८मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसपासूनच्या वर्णनांशी ताडून पाहायचं. कुठेच जुळलं नाही, तर चित्रं आणि मोजमापांसह वर्णन छापायचं, एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून ठरवायचा आणि तो संग्रहालयात ठेवायचा. गावाच्या नावाला ‘एन्सिस’ जोडतात. पोरीचं नावही चालेल, मात्र वर्णन ती स्वतः लिहिणार असेल तर नको. नियमात मनाई नाही, पण लोक हसतात.

पोरीला सांगा, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून आठ-दहा झुबकेदार मिशांचे नर टाक. गाव, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत हवी, आणि ती पेन्सिलीनं लिहिलेली. बॉलपेनची शाई स्पिरिटात उतरते.