चतुर्थीला गावी निघण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न

गणपतीला कुडाळला जायचं तर दरवर्षी वेटिंगच हाती येतं. त्या तिकिटावर गाडीत बसता येतं का? (डोंबिवली)

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर असेल, तर ते आपोआप रद्द होतं. तेव्हा बसण्याचा विषयच संपला. त्यापेक्षा तारखेचा हिशेब चोख ठेवा. प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता आरक्षण उघडतं. 2026 ची चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. आदल्या शुक्रवारी, 11 तारखेला निघायचं तर 13 जुलैला तयारीत बसा.

बरेच जण फसतात ते परतीच्या तिकिटात. हे 60 दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. केरळातून सुटलेली गाडी कुडाळला दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर तुमच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधीच तिचं आरक्षण उघडलेलं असतं. तत्काळवर भिस्त असेल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आजच जोडून टाका. जुलै 2025 पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. आणि वाडीतली पुरेशी माणसं जमत असतील तर एसटीचं गट आरक्षण करा. सामानासकट गावात उतरण्याचं सुख रेल्वेत नाही.

घर मे महिन्यापासून बंद आहे. विहिरीचं पाणी उपसून टाकावं का? ब्लिचिंग पावडर किती घालायची? (ठाणे)

भाद्रपदात कोकणातली विहीर उपसत बसू नका. झरे जिवंत असतात, सकाळी उपसलेली विहीर संध्याकाळी पुन्हा भरते. पाणी शुद्ध करून घेणं बरं. मात्र पावडर अंदाजाने मूठभर टाकू नका, आधी पाणी मोजा. दोरीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडा. वर काढल्यावर दोरीचा जेवढा भाग भिजलेला, तेवढी पाण्याची खोली. व्यासाचा वर्ग गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला 785 ने गुणलं की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी असेल तर साधारण 35,000 लिटर. ताज्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला 90 ग्रॅमच्या आत-बाहेर.

प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला चुना बसतो. तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. निदान तासभर पाणी काढू नका. एवढं करूनही क्लोरीनचा वास अजिबात येत नसेल तर बहुधा पावडर जुनी आहे. पुडी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, तेव्हा पिण्याचं पाणी गाळून उकळाच.

पंप नुसता घूं घूं करतो, पाणी येत नाही. (पनवेल)

ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. बंद पडून राहिलेल्या पंपाचा शाफ्ट गंजाने धरतो. मेन स्विच बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून पाहा. मोकळा फिरत असेल तर कपॅसिटर (मोटर सुरू करायला झटका देणारा भाग) गेला असण्याची शक्यता जास्त. पंप नीट फिरतो पण पाणी चढत नाही, असं झालं तर बहुधा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, गळतोय; पाइप पाण्याने भरून पुन्हा लावा. कोरडा चालवला तर सील जातं.

मूर्ती मुंबईहून न्यावी की गावच्या शाळेत सांगावी? (बोरिवली)

गावच्या शाळेतच, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या कारखान्यातच, सांगा. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ. डब्याच्या दारातल्या रेटारेटीत आधी बोटं जातात. नागपंचमीच्या सुमारास मूर्ती ज्यावर बसवायची तो घरचा पाट शाळेत पोचता झाला पाहिजे. तुम्ही नसाल तर शेजारच्या काकांना फोन करून तेवढं काम सांगा. उंची ठरवताना माटवीची, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीची, उंची विचारा. जमिनीपासून माटवीपर्यंतच्या मापातून चौरंग, पाट आणि माटवीला लोंबणारे नारळ व कवंडळं (रानफळं) यांची निदान वीतभर जागा वजा करा, उरेल त्यापेक्षा मूर्ती चार बोटं कमीच सांगा. मुकुटाला नारळ टेकला की ऐन वेळी सगळी माटवी सोडावी लागते.

दार उघडल्यावर पहिलं काम कोणतं? (पुणे)

उजेड असताना पोचणं. पडवीतला जांभ्याचा ढीग, लाकडं, पडलेली कौलं यांत हात घालण्याआधी काठीने हलवा. फुरसं हा विषारी साप अशाच आडोशाला बसतो. मेन चालू केल्यावर एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) एकेक करून वर करा. एखादा ट्रिप होत असेल, म्हणजे आपोआप खाली पडत असेल, तर त्याच्या वायरिंगच्या भिंतीत बहुधा ओल आहे. वायरमन येईपर्यंत तो बंदच राहू द्या.