दहावं वचन

प्रिय पोरी,

सलाम.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. कंपनीत दर महिन्या-दोन महिन्याला कुणाचं तरी टेबल रिकामं होतं, मोबाईल उघडला की नवा संदेष्टा हजर, अशात विश्वास धरून कसा ठेवायचा, असं विचारतेस. खाली यिर्मया 29:11 पण लिहिलंयस, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे, आशा देणारे आहेत असं देव म्हणतो ते. ते आपल्याकडे अर्ध्या घरांत फ्रेम करून लावलेलं असतं. त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र मी कुणाच्या भिंतीवर पाहिलं नाही. तिथे देव म्हणतो, बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमचा समाचार घेईन. सत्तर! हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलेलं पत्र. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतीचा दिवस न पाहताच वारले असणार.

आता एक पान मागे जा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा आहे. तो भर मंदिरात सांगतो, बाबेलने नेलेलं सगळं दोन वर्षांत परत मिळेल. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडूनही टाकतो. लोकांना काय आवडलं असेल, सांगायला नको. यिर्मया आधी म्हणतो, ‘आमेन, तसंच होवो.’ जू मोडल्यावर मात्र तो वाद घालत बसत नाही, आपल्या वाटेने निघून जातो. पुढे देवाने पाठवल्यावर तो परत येऊन उत्तर देतो, पण त्या क्षणी नाही. मला ते निघून जाणं फार आवडतं. ‘या महिन्यात तुझी बढती नक्की’ म्हणणारे तुझ्या मोबाईलवरचे प्रचारक हनन्याचेच भाऊबंद. त्यांच्याशी भांडू नकोस, पुढे सरकव.

आम्हालाही घाई होतीच. माझी कंपनी बंद पडली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. गेटवर नोटीस, आत तीन महिन्यांचा थकलेला पगार. माझे वडील रोज साडेसातला कंदिलाची काच पुसून घरभक्तीला बसायचे. ती सवय मीही धरली होती. पण त्या दिवसांत शास्त्र उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. प्रार्थनेला तोंडच उघडेना. रविवारी जायचो तो शेवटच्या बाकावर, दाराजवळ, म्हणजे प्रभुभोजनाआधी सटकता येईल. पुढे मंडळी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं गीत उचलायची. पेटीचा एक सूर कायम खाली लागायचा आणि म्हाताऱ्या बायका त्याच सुरात गात राहायच्या. सात-आठ महिने मी नुसता ऐकत होतो. तेवढे दिवस माझ्या वाटचा विश्वास त्या बायकांनी सांभाळला असं मी मानतो. म्हणून एकटी मोबाईलवर उपासना ऐकून भागवू नकोस. जिथे तुझी जागा रिकामी दिसली तर कुणी विचारेल, अशी मंडळी पुण्यात शोध. पेटी बेसूर असली तरी चालेल.

आणि शंका आली म्हणून स्वतःला बाहेरची समजू नकोस. आपल्या ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या मागोमाग झाल्या नाहीत. ताटातूट सोसली, सोवळं जपलं, आणि स्वतःला पटलं तेव्हाच आल्या. मार्कच्या शुभवर्तमानात तो आजारी मुलाचा बाप तर येशूच्या तोंडावर म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. प्रभूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं नाही सांगितलं. मुलाला बरं केलं.

पण यिर्मयाच्या पत्रातली खरी कामाची वचनं पाचवं ते सातवं. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. बाबेल म्हणजे शत्रूचं शहर, लक्षात घे. तुझ्या टीम लीडरचं नाव रोज प्रार्थनेत घेतेस का? मला माहीत आहे, तो तुला आवडत नाही.

भाड्याच्या घरात काय लावू, असं म्हणशील. शनिवारी तुझा भाऊ एसटीने येतोय, त्याच्याबरोबर लिंबाचं रोप देतोय. गॅलरीत ऊन येतं तिथे ठेव, पाणी बेताने घाल. फळाला दोन-तीन वर्षं लागतील. घर बदललंस तर कुंडी बरोबर ने.

तुझा,
काका